वॉर्सातला गनिमी कावा आणि त्याची किंमत



गेल्या अंकातले शिवाजी महाराजांवरचे तुमचे निबंध वाचले. 'गनिमी कावा' हा शब्द जवळजवळ सगळ्यांनी वापरला होता आणि शुद्ध लिहिला होता, याबद्दल आधी बाईंचे अभिनंदन! दोघातिघांनी पुढे असेही लिहिले होते की शत्रू कितीही बलाढ्य असो, गनिमी कावा वापरला की तो हरतोच. माझे तेवढ्यापुरतेच भांडण आहे.

गनिमी काव्याला डोंगर लागतो. वार करून मावळे निसटले की शत्रूच्या हाती दगडधोंडे उरतात. (तिथेही फुकट काही नव्हते. मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेने १६६५ साली राजगडाच्या आसपासची गावे जाळली होती.) पण शत्रू शहरात येऊन बसला असेल तर? शहरात दरी नाही, जंगल नाही. लपायचे ते शेजाऱ्यांच्या आड, आणि तुम्ही सापडला नाहीत तर शत्रू पकडणार तेही शेजाऱ्यांनाच.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, नेमके हेच झाले. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनांनी शहर घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात शहराबाहेरच्या वावेर नावाच्या वस्तीतल्या एका खानावळीत दोन गुन्हेगारांनी दोन जर्मन सैनिकांना गोळ्या घातल्या. २७ डिसेंबरला जर्मनांनी घराघरातून पुरुषांना ओढून बाहेर काढले आणि शंभरावर माणसे ठार मारली. त्या माणसांचा त्या खुनांशी काडीचाही संबंध नव्हता. एकाने केले तर शंभरांनी भरायचे, हा नियम शहराला पहिल्या हिवाळ्यातच कळला.

म्हणूनच तिथल्या भूमिगत चळवळीची सुरुवात मला फार शहाणपणाची वाटते. अलेक्सांदेर कामिन्स्की हे बालवीर चळवळीतले, म्हणजे स्काऊटमधले, शिक्षक. त्यांनी तरुण मुलामुलींची एक संघटना उभी केली आणि तिला नाव दिले 'वावेर'. काम काय? भिंतीवर नांगराचे चिन्ह काढायचे, जर्मन फलक काढून टाकायचे, पत्रके चिकटवायची. नांगराच्या त्या चिन्हात 'लढणारे पोलंड' या शब्दांची दोन आद्याक्षरे गुंफलेली होती. ते आना स्मोलेन्स्का या विद्यार्थिनीचे. १९४३ मध्ये ती आउश्वित्झच्या छळछावणीत मरण पावली.

यातली एक गोष्ट मुलांना सांगितलीच पाहिजे. वॉर्सात कोपर्निकसचा पुतळा आहे. जर्मनांनी त्यावरचा पोलिश मजकूर झाकून जर्मन भाषेतली पाटी बसवली. फेब्रुवारी १९४२ मध्ये आलेक दाविदोव्स्की या २१ वर्षांच्या मुलाने भल्या पहाटे स्क्रू काढून ती पाटी पळवली. जर्मन चिडले. शिक्षा म्हणून त्यांनी किलिन्स्कीचा पुतळा हलवून वस्तुसंग्रहालयात नेऊन ठेवला. (किलिन्स्की म्हणजे १७९४ मध्ये रशियनांविरुद्ध वॉर्साचे नेतृत्व करणारा एक चांभार.) लगेच संग्रहालयाच्या भिंतीवर अक्षरे उमटली: वॉर्सावासीयांनो, मी इथे आहे, किलिन्स्की! आणि थोड्याच दिवसांत शहरात अगदी सरकारी थाटाचे जाहीर निवेदन झळकले: किलिन्स्कीचा पुतळा हलवल्याबद्दल शिक्षा म्हणून मी हिवाळा सहा आठवडे लांबवत आहे. सही, निकोलस कोपर्निकस, खगोलशास्त्रज्ञ! तेव्हा जर्मन फौजा रशियाच्या बर्फात अडकल्या होत्या, त्यामुळे ही शिक्षा त्यांना नेमकी झोंबली असणार.

शहर हसले, आणि एका पुतळ्याची जागा बदलण्यावर सगळे निभावले. या विनोदाला मी बंदुकीच्या पराक्रमाच्या खाली ठेवायला तयार नाही.

पुढे बंदुकाही आल्या. २६ मार्च १९४३ रोजी याच मुलांनी भर रस्त्यात कैद्यांची गाडी अडवून आपला मित्र यान बितनार आणि त्याच्याबरोबरच्या वीसहून अधिक कैद्यांना सोडवले. ही कथा पोलंडमध्ये शाळेत शिकवतात. पण तिची उरलेली बाजूही सांगायला हवी. बितनारचे आधीच इतके हाल केले होते की तो चार दिवसांत गेला. हल्ल्यात जखमी झालेला आलेकही, तोच पाटी पळवणारा, त्याच दिवशी गेला. आणि हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी जर्मनांनी पाव्याक तुरुंगातल्या १४० कैद्यांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी १९४४ मध्ये शहराचा क्रूर पोलीसप्रमुख कुत्शेरा याला मारले, तेव्हा बदला म्हणून दुसऱ्याच दिवशी ३०० जणांना मारले. कुत्शेराला मारणे चूक होते असे मी म्हणणार नाही. रस्त्यात माणसे उभी करून मारण्याचे सत्र त्याच्याच अमलात चालले होते. पण ३०० हा आकडा गाळून ती गोष्ट सांगणे म्हणजे बिल न पाहता हॉटेलचे कौतुक करणे.

एक अपवाद मात्र करायला हवा. एप्रिल १९४३ मध्ये याच शहरातल्या ज्यू वस्तीने, घेट्टोने, उठाव केला. त्याआधीच्या उन्हाळ्यात तिथून अडीच लाखांहून अधिक माणसे त्रेब्लिंका येथे मारण्यासाठी नेली होती. उरलेल्यांना लढले तरी मरण होते आणि न लढले तरी मरणच होते. तिथे परिणामांचा हिशेब विचारण्याचा हक्क कोणालाच नाही.

१ ऑगस्ट १९४४ च्या मोठ्या उठावाचे तसे नव्हते, असे माझे मत आहे. भूमिगत सेनेने संध्याकाळी पाच वाजता शहरभर एकदम लढाई सुरू केली. रशियन सैन्य नदीपलीकडे पोचत होते आणि काही दिवसांत निकाल लागेल असा अंदाज होता. लढाई ६३ दिवस चालली. स्टालिनने मदत केली नाही. दीड ते दोन लाख नागरिक मेले. एकट्या वोला भागात पहिल्या आठवड्यात हजारो माणसे, बायकामुलांसकट, मारली गेली. उरलेल्यांना हाकलून जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. सेनापतींची बाजूही मला माहीत आहे: जर्मनांनी एक लाख लोकांना खंदक खणायला बोलावले होते, रशियन रेडिओ उठावाची हाक देत होता आणि तरुण मुले आवरत नव्हती. तरीही चार वर्षे जो हिशेब इतक्या काळजीने सांभाळला, तो त्या दिवशी सुटला असे मला वाटते. पोलंडचेच जनरल आंदेर्स या निर्णयाच्या विरोधात होते आणि पोलिश लोक आजही यावर भांडतात. तुमच्या वर्गात पोलिश मुले असतील तर विचारून पाहा. घरात दोन मते निघतील.

पालकांपैकी कोणी म्हणेल, इतक्या लहान मुलांना हे कशाला? तर त्या बालवीरांनी वयाप्रमाणे गट पाडले होते हे ऐका. १२ ते १४ वर्षांच्या मुलांना हत्याराला हात लावायची परवानगी नव्हती. त्यांचे काम शिकणे आणि मदतीच्या कामांची तयारी. उठावात त्यांनी टपाल चालवले: पत्र २५ शब्दांपेक्षा मोठे नको, लष्करी माहिती नको. ती पोचवतानाही मुले मेली. वॉर्सात आज मोठ्यांचे शिरस्त्राण घातलेल्या, हातात बंदूक घेतलेल्या एका छोट्या मुलाचा पुतळा आहे. लोक कौतुकाने तिथे फुले वाहतात. मला तो आवडत नाही. पत्राची थैली घेतलेला असता तर आवडला असता.

आणि शाळा! जर्मनांनी माध्यमिक शाळा आणि विद्यापीठे बंद केली. पोलिश मुलांना पाचशेपर्यंत आकडे आणि स्वतःचे नाव लिहिता आले की पुरे, वाचायची गरज नाही, असे हिमलरने १९४० मध्ये लेखी नोंदवले होते. तेव्हा शिक्षक घराघरात पाचसहा मुलांचे चोरून वर्ग घेऊ लागले. भूमिती आणि पोलिश इतिहास शिकवण्यासाठी छळछावणीची जोखीम. शनिवारी सकाळी कार्टून बुडते म्हणून कुरकुरणाऱ्या आमच्या घरातल्या मंडळींना मी हे दोनदा ऐकवले आहे. परिणाम शून्य.

याच वयाची काही पोलिश मुले तेव्हा कोल्हापुरात होती! ती वॉर्साची नव्हेत. पूर्व पोलंड रशियाने घेतला, तिथून १९४०-४१ मध्ये सैबेरियाकडे हाकललेल्या कुटुंबांतली ही मुले इराणमार्गे हिंदुस्थानात आली. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वसाहत होती. तिथे पोलिश शाळा होत्या आणि बालवीरांची पथकेही होती, सगळे उघड्यावर. ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सातली मुले गोळीबारातून पत्रे नेत होती, तेव्हा ही मुले आपल्या पंचगंगेच्या मुलखात पोलिश व्याकरण गिरवत होती. त्यांची आठवण म्हणून कोल्हापूरच्या महावीर उद्यानात एक स्मारक आहे आणि वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाची स्मृतिशिला आहे. उन्हाळ्यात कोल्हापूरला जाणाऱ्यांनी महावीर उद्यानात जाऊन एक फोटो आणावा, पुढच्या अंकात छापू.