मदत नको, भरपाई द्या

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर चढविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० माणसे चिरडून मेली. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची व पंतप्रधानांनी २ लाखांची मदत घोषित केली. चौकशीचे आश्वासन दिले गेले, श्रद्धांजलीचे उपचार झाले. या साऱ्या गदारोळात 'भरपाई' हा शब्द मात्र क्वचितच कानी आला.

मदत ही देणाऱ्याच्या मर्जीने मिळते आणि घेणाऱ्याने ती हात जोडून घ्यायची असते. भरपाई हे देणे आहे. ते थकले तर व्याज चढते. परक्या सरकारच्या अमदानीत झालेला, १ जुलै १९२४ पासून अमलात आलेला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट होता. अपघात कामामुळे व काम चालू असताना घडला एवढे दाखविले की पुरे. मालकाची चूक सिद्ध करण्याचा भार जखमी कामगारावर नाही. मधे गुत्तेदार, पोटगुत्तेदार, मुकादम यांची कितीही लांब साखळी असो, कामगाराने थेट मूळ मालकाकडे भरपाई मागावी. मालकाने ती मागाहून गुत्तेदाराकडून वसूल करावी. भरपाई एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. बारा फुटांहून खोल खोदकामावरचा मजूरही त्या कायद्याच्या परिशिष्टात होता. बालाघाटाच्या माथ्यावर सुरुंग लावून विहिरी खोदणाऱ्या आमच्या किती मजुरांना हे कोणी सांगितले असेल?

अर्थशास्त्र शिकविण्यात माझी हयात गेली. उत्पादनखर्च म्हणजे काय, हे पहिल्याच वर्षी फळ्यावर लिहून द्यावे लागते. सिमेंट, लोखंड, वाळू, मजुरी, व्याज. मजुराचा तुटलेला हात या यादीत कोठे बसतो, असे एकाही विद्यार्थ्याने मला कधी विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर मीही तो प्रश्न आपण होऊन मांडला नाही. इमारत उभी राहताना काही माणसे पडणार, हे सिमेंट लागणार याइतकेच निश्चित असते. हा खर्च बांधणाऱ्याच्या वहीत पडला नाही म्हणून नाहीसा होत नाही. तो जखमी माणसाच्या बायकोच्या मंगळसूत्रावर, म्हाताऱ्या आईच्या दोन शेळ्यांवर आणि पोराच्या शाळेवर पडतो. स्वस्त घरे व वेगवान रस्ते यांचा गौरव करणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

चौसाळा सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. दिवाळीच्या सुमारास या भागातली बरीच माणसे कोयता घेऊन कारखान्याला जातात, बाकीची सेंट्रिंगच्या आणि गवंड्याच्या हाताखालच्या कामाला पुण्या-मुंबईची वाट धरतात. त्यांतलाच तीस वर्षांचा एक सेंट्रिंगचा सुतार गतवर्षी पाडव्याच्या दिवशी पुण्यात परांचीवरून पडला आणि त्याचा उजवा हात कोपरावर कापावा लागला. रुग्णालयाच्या कागदावर 'घरी पाय घसरून पडला' असे लिहिले गेले, कारण दाखल करणारा मुकादम होता व सांगणाराही तोच होता. मुकादमाने ४० हजार रुपये हातावर ठेवले आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा मजकुराच्या मुद्रांकावर अंगठा घेतला. डाव्या हाताचा, अर्थात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक आहे. पूर्ण व कायमचे अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. तिशीचा गुणक २०७.९८. या सुताराची कमाई अधिक असली तरी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे वेतन १५,००० रुपयेच धरले जाते, ही मर्यादाही अन्यायाचीच आहे. तरी हिशेब १८,७१,८२० रुपयांवर जातो. त्यापुढे मुकादमाचे ४० हजार ठेवा.

हात कोपरावर तुटला तर ते अंशतःच अपंगत्व, असा युक्तिवाद मालकाचा वकील करील. तो जुना आहे. १९६८ साली ओरिसातील जेपूर येथे चित्रपटगृहाचे सजावटीचे काम करताना एक सुतार पडला व त्याचा डावा हात गेला. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच होय आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, असा निर्णय न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये दिला. पन्नास वर्षांनंतरही आमच्या परांचीवर तो पोहोचलेला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र शासनाने चार श्रमसंहिता अमलात आणल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. घरून कामावर जाता-येताना घडलेला अपघातही तीत काही अटींवर कामाचाच धरला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच संहितेने एक दार हळूच लावून घेतले. माणूस स्वतःला राहण्यासाठी घर बांधत असेल आणि खर्च १० लाखांच्या आत असेल, तर ते काम पूर्वी बांधकाम कामगारांच्या कल्याणकायद्याबाहेर राही. आता ही मर्यादा ५० लाखांवर नेली आहे. चौसाळ्यात ५० लाखांवरची घरे किती, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. उपकर किती द्यायचा याचा हिशेबही आता बांधणाऱ्यानेच आपला आपण करायचा आहे. उपकराच्या नावाने देशभर ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले आणि खर्च झाले ते जेमतेम ९,५०० कोटी, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये नोंदविलेले आहे. त्या पैशातून कोठे लॅपटॉप आणि धुलाईयंत्रेही घेतली गेली. पत्र्याच्या खोपटात राहणाऱ्या बाईला, जिथे पाण्याचा नळही नाही, तिथे धुलाईयंत्र! अशा कल्याणाला काय म्हणावे?

सत्ताधाऱ्यांना दोष देणे सोपे आहे व ते आपण नित्य करतो. पण आपल्या कार्यालयातून गेल्या पाच वर्षांत भरपाईचे किती अर्ज गेले? मोर्चासाठी दोनशे माणसे गोळा करणारा कार्यकर्ता एका जखमी माणसाबरोबर आयुक्ताच्या दारात चार तारखांना उभा राहायला तयार नसतो. त्यात घोषणा नसतात, छायाचित्र नसते. अपघात पुण्यात झाला असला तरी दावा कामगार राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, ही सोय १९९५ च्या दुरुस्तीने झालेली आहे. म्हणजे हे काम बीडमध्ये बसून होण्यासारखे आहे. हजेरीची वही, मजुरी पाठविल्याची फोनवरची नोंद, रुग्णालयाचा कागद, जोडीदारांची साक्ष एवढे पहिल्याच आठवड्यात गोळा झाले पाहिजे. पुढे मुकादम फोन उचलत नाही.

त्या सुताराचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. दाव्याची मुदत दोन वर्षांची. ती येत्या पाडव्याला संपते. रुग्णालयाचा कागद खोटा असल्याने सारी भिस्त साक्षीवर आहे. त्याला पडताना पाहणारे दोघे याच गावचे आहेत, आणि दोघांनीही यंदा त्याच मुकादमाकडून उचल घेतली आहे.