क्रूसाखालचे सांत्वन

आज गुड फ्रायडे. वसईपासून गोव्यापर्यंतच्या चर्चमध्ये आज घंटा मुक्या राहतील, वेदीवरील वस्त्रे व दीप उतरविलेले असतील आणि दुपारच्या उपासनेत येशू ख्रिस्ताच्या वधाची कथा आरंभापासून शेवटपर्यंत वाचली जाईल. सणावाराच्या या पानावर आम्ही एरवी आनंदाचे लिहितो. आजचा दिवस मात्र सुतकाचा आहे. आमच्या पंचांगातील उत्सव बहुधा देवाच्या जन्माचे अथवा विजयाचे असतात : रामनवमी, गोकुळाष्टमी, विजयादशमी. देवाची विटंबना आणि देवाचा मृत्यू यांचे स्मरण करण्यासाठी राखून ठेवलेला दिवस हिंदू वाचकाला प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटला, तर त्यात नवल नाही. परंतु ज्या घरात अकाली मृत्यू घडला आहे, ज्या घराला न्याय मिळालेला नाही, त्या घराने या दिवसाकडे निवांतपणे पाहावे, असे आम्हांला वाटते.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. रोमन सुभेदार पिलात याला आरोपीत काही दोष आढळला नाही. तरीही जमावाच्या भयाने त्याने हात धुतले आणि निरपराध्याला वधस्तंभाकडे धाडले. शिष्य पांगले. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे क्रूसाजवळ आई उभी राहिली. आणि अखेरच्या घटकांमध्ये त्या मुखातून जो आक्रोश निघाला, तो मत्तय व मार्क या दोघांनीही नोंदविला आहे : देवाने आपला त्याग का केला, असा तो प्रश्न. स्तोत्रसंहितेतील २२व्या स्तोत्राचा तो आरंभ होय. म्हणजे यहुदी माणूस पिढ्यान् पिढ्या संकटात जे शब्द उच्चारीत आला, तेच शब्द येथे आले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या प्रश्नाला आकाशातून उत्तर आल्याचे दोघांपैकी एकानेही लिहिलेले नाही. ख्रिस्ती भाविकाचे सांत्वन या निरुत्तर प्रश्नातच आहे. आपण ज्याच्यापुढे रडतो, तोही याच वाटेने गेला आहे, ही त्याची श्रद्धा. दुःखाचे कारण त्याला कळत नाही. दुःखात सोबत आहे, एवढे मात्र कळते.

देवाशी भांडण करणे हे पाखंड नव्हे, भक्तीचाच तो प्रकार आहे, हे वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला सांगावयास नको. जनाबाईने विठोबाला शिव्या दिल्या, नामदेवांनी त्याच्याशी हट्ट केला आणि दुष्काळात पत्नी गमावलेल्या तुकोबांनी त्याला पुष्कळ सुनावले. तरीही आमच्या घरांतून आज काय चालते? दहाव्याच्या आत समाचारास येणारी मंडळी चहाचा पेला हाती घेऊन प्रारब्ध सांगू लागतात. तरुण मुलगा गेलेल्या आईला कोणी पूर्वजन्मीचे ऋणानुबंध समजावून देते, कोणी घरातील राहून गेलेला कुळाचार विचारते. कर्माचा सिद्धांत शास्त्रकारांनी माणसाच्या हाती आत्मपरीक्षणासाठी दिला. दुसऱ्याच्या उघड्या जखमेवर तो ओतण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हे आम्हांस ठाऊक नाही.

ही खोड एका धर्माची नाही. बायबलच्या जुन्या करारात ईयोबाचे आख्यान आहे. ईयोबाची मुले गेली, धन गेले, अंगावर फोड उठले. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नि:शब्द बसून राहिले. येथवर ते उत्तम मित्र होते! पुढे त्यांनी तोंड उघडले आणि देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्याच हातून काही पाप घडले असले पाहिजे, असे शास्त्रशुद्ध युक्तिवाद मांडण्यास आरंभ केला. ईयोबाने ते मानले नाही. तो देवालाच जाब विचारीत राहिला. ग्रंथाच्या शेवटी देव कोपतो तो देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर. जाब विचारणाऱ्याची बाजू तो योग्य ठरवितो.

दुःख आणि अन्याय एकाच घरात येऊन राहिले म्हणजे या श्रद्धेचे काय होते, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील अटलांटा येथील किंग घराण्याकडे पाहावे. मार्टिन ल्यूथर किंग हे नाव आपल्याकडे गांधीजींचे अनुयायी म्हणून परिचित आहे. १९५९ साली ते भारतात आले, तेव्हा मुंबईत मणिभवनातच त्यांनी मुक्काम केला होता. चळवळीची प्रेरणा ख्रिस्ताची व पद्धत गांधींची, असे ते म्हणत. आपण पद्धतीचे कौतुक करतो. प्रेरणेची चौकशी फारशी करीत नाही.

१९५६ च्या जानेवारीत ते माँटगोमेरी येथे पाळक होते. वय अवघे २७. बसमध्ये कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या अपमानास्पद वागणुकीविरुद्ध तेथे बहिष्कार चालू होता आणि त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे आले होते. २७ जानेवारीच्या रात्री घरी दूरध्वनीवरून ठार मारण्याची धमकी आली. पत्नी व काही आठवड्यांची मुलगी निजलेल्या होत्या. किंग स्वयंपाकघरात कॉफीचा पेला समोर घेऊन बसले, आणि आपले धैर्य संपले आहे, हे त्यांनी देवापुढे मोठ्याने कबूल केले. त्या घटकेला देवाचे सान्निध्य आपल्याला पूर्वी कधीही आले नव्हते असे जाणवले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. तीनच दिवसांनी त्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि मुलगी सुदैवाने वाचल्या. संतप्त जमाव दाराशी गोळा झाला, तेव्हा त्याला शांत करून घरी पाठविणारे किंगच होते. बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि यशस्वी झाला.

धर्म ही गुंगी आहे, दुःखिताला निजवून अन्याय चालू ठेवण्याची ती युक्ती आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. गुलामांच्या मालकांनी ख्रिस्ती धर्म याच कामाला लावला होता. कॅरिबियन बेटांवरील गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये बायबलची जी संक्षिप्त आवृत्ती छापली गेली, तिच्यातून इस्राएली लोकांना मिसर देशातील दास्यातून सोडविल्याची कथा गाळून टाकण्यात आली होती. पण ती का गाळावी लागली? त्या ग्रंथात निजविणारे जेवढे आहे, त्याहून जागे करणारे अधिक आहे, हे मालकांना पक्के ठाऊक होते म्हणूनच.

१९६३ साली १२ एप्रिलला गुड फ्रायडे होता. त्या दिवशी बर्मिंगहॅम शहरात बंदीहुकूम मोडून किंग यांनी अटक करून घेतली. त्याच सुमारास शहरातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढून कृष्णवर्णीयांना सबुरीचा उपदेश केला. ईयोबाचे मित्रच ते! तुरुंगात हाती आलेल्या वर्तमानपत्राच्या समासांत किंग यांनी त्यांना उत्तर लिहावयास घेतले. ते दीर्घ पत्र आज जगभर वाचले जाते. देवावरील विश्वासाने मनाला शांती लाभते हे खरे. परंतु ती शांती अन्यायाशी तह करावयास लावीत असेल तर ती देवापासून आलेली नाही, असे मानणाऱ्या माणसाचे ते पत्र आहे.

त्याच शहरात त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली ठार झाल्या. तिघी १४ वर्षांच्या, एक ११ वर्षांची. चर्चच्या रंगीत काचांची एक खिडकी जागी टिकून राहिली. मात्र तिच्यावरील ख्रिस्ताच्या चित्रातील तेवढा चेहरा उडाला होता. गुन्हेगारांपैकी पहिल्याला शिक्षा झाली १९७७ मध्ये; दुसऱ्याला २००१ व तिसऱ्याला २००२ मध्ये. इतकी वर्षे त्या आयांनी कोणाच्या बळावर काढली असतील? दूरच्या वेल्स देशातील सामान्य लोकांनी लहान लहान वर्गण्या देऊन त्या चर्चला नवी खिडकी पाठविली, आणि एका दैनिकाने ती वर्गणी गोळा केली, याचा आम्हांस व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो. त्या खिडकीवर हात पसरलेला, कृष्णवर्णीय ख्रिस्त आहे. कोणतेही स्पष्टीकरण न देता केलेले सांत्वन ते हेच.

पुढे १९६८ साली ४ एप्रिलला मेम्फिस येथे किंग यांचा खून झाला. येत्या रविवारी झावळ्यांचा रविवार होता. मंगळवारी, पवित्र सप्ताहात, त्यांची अंत्ययात्रा निघाली. दोन खेचरांनी ओढलेल्या साध्या शेतकी गाडीवर शवपेटी ठेवलेली होती. गुड फ्रायडे त्याच आठवड्यात आला. एबेनेझर चर्चचे पाळक असलेल्या वडिलांना, ज्यांचे नावही मार्टिन ल्यूथर किंगच होते, त्या शुक्रवारी पुत्रवधाची कथा ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढच्या वर्षी जुलैत त्यांचा धाकटा मुलगा आल्फ्रेड, तोही पाळक, घरच्या जलतरण तलावात मृतावस्थेत सापडला.

आणि १९७४ साली ३० जूनला, रविवारच्या उपासनेत, पत्नी अल्बर्टा चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असता एका २३ वर्षांच्या तरुणाने गोळ्या झाडून त्यांचा व एका वृद्ध सेवकाचा प्राण घेतला. त्या वेळी त्या प्रभूची प्रार्थना वाजवीत होत्या. क्षमा मागणाराने आधी स्वत: क्षमा केली पाहिजे, अशी अट ज्या प्रार्थनेतच घातलेली आहे, ती ही प्रार्थना.

वृद्ध किंग यांनी ती अट पाळली. द्वेषाला मनात थारा देणार नाही, असे ते उघडपणे सांगत राहिले. मारेकऱ्याला न्यायालयाने देहान्ताची शिक्षा दिली. किंग कुटुंबाचा मात्र देहान्त शिक्षेला तत्त्वत:च विरोध होता. ती शिक्षा १९९५ साली जन्मठेपेत बदलली, तेव्हा वृद्ध किंग यांना जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ते रडले नाहीत, असे कोणी समजू नये. देवाला त्यांनी काय काय विचारले असेल, ते त्यांचे त्यांना ठाऊक. एबेनेझर चर्चचे पाळकपद त्यांनी सोडले ते १९७५ साली. तोवर पत्नी जेथे पडली त्याच मंदिरात ते पाळक होते. तेथे स्तोत्रे गाइली जात होती. ऑर्गनवरचे हात तेवढे दुसऱ्याचे होते.