डोळा हा तराजू नव्हे

लठ्ठ मुलांच्या आईबापांना आपली मुले लठ्ठ दिसतच नाहीत, अशा आशयाची बातमी विज्ञानपानांवर अधूनमधून उगवते आणि तिच्याखाली पालकांना अडाणी ठरवण्याची चढाओढ लागते. निरीक्षण खरे आहे. त्यावरून पालकांवर चालवला जाणारा खटला मात्र अवैज्ञानिक आहे.

२०१४ साली ‘पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. जादा वजनाच्या मुलांच्या सुमारे निम्म्या पालकांनी ते वजन कमी लेखले होते. एखादे उपकरण इतक्या वेळा एकाच दिशेने चुकत असेल, तर भौतिकशास्त्रात त्याला पद्धतशीर त्रुटी म्हणतात आणि तिचे कारण शोधतात. उपकरणाला शिव्या देत नाहीत.

कारण शोधणे अवघड नाही. डोळा निरपेक्ष मोजमाप करीत नाही, तुलना करतो. भोवतालची मुले जशी, तसा त्याचा शून्यांक सरकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) पाच वर्षांखालील ३२.१ टक्के भारतीय मुले कमी वजनाची आहेत. अशा देशात बाळसे हेच आरोग्याचे लक्षण ठरले आणि सुदृढ बालक स्पर्धा भरल्या, यात नवल कसले?

शिवाय वाढीची रीतही फसवी आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून मिळणारा निर्देशांक तान्हेपणानंतर उतरत जातो आणि साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास नीचांक गाठून पुन्हा चढतो. नेमक्या याच वयात निरोगी मूल वाळल्यासारखे दिसते आणि घरातली वडीलधारी माणसे त्याच्या ताटात तुपाची आणखी एक धार सोडतात.

भारतीय शरीराची गोष्ट तर आणखी निराळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून दिले, की आपली नवजात अर्भके ब्रिटिश अर्भकांहून बरीच हलकी असली, तरी त्या मानाने चरबी राखून असतात. समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६–१८) ५ ते ९ वयोगटातील जादा वजनाची मुले सुमारे ४ टक्के आढळली. मधुमेहपूर्व अवस्थेतील मुले सुमारे १० टक्के. म्हणजे साखरेचा तोल बिघडू लागलेल्या मुलांपैकी निम्मी तरी लठ्ठ नाहीतच. त्यांना कोणता डोळा ओळखणार?

‘मग पालकांना स्पष्ट सांगून टाका,’ असे काहीजण म्हणतील. परंतु २०१६ साली ऑस्ट्रेलियातील मुलांच्या दीर्घकालीन नोंदींवरून असे दिसले, की ज्यांना पालकांनी ‘जाड’ मानले, त्यांचेच वजन पुढे अधिक वाढले. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे मान्य. तरीही शिक्का मारणे हा उपचार आहे, या समजुतीला यातून आधार मिळत नाही.

खरा प्रश्न व्यवस्थेला विचारायला हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. पण शाळकरी मुलांसाठी तो सरकारी व अनुदानित शाळांपुरता आखलेला आहे. जादा वजनाचे प्रमाण सधन घरांत अधिक, आणि त्या घरांतील बहुतेक मुले खासगी विनाअनुदानित शाळांत. जेथे मोजण्याची निकड वाढते आहे, तेथेच तराजू नाही! प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचे रकाने असतात, ते भरलेही जातात. पण त्या आकड्यांचा आलेख कोण काढतो? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वयोगटासाठीचे सुधारित तक्ते २०१५ पासून उपलब्ध आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेने वर्षातून दोनदा उंची व वजन मोजावे, नोंद वाढीच्या तक्त्यावर मांडावी आणि ती वर्गात न वाचता पालकांच्याच हाती द्यावी. एका बिंदूवरून दिशा कळत नाही. चार बिंदूंवरून कळू लागते. हा तक्ता हडकुळ्या मुलाच्याही तितकाच कामी येईल.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा पालकांना हसण्यापूर्वी एवढेच विचारा : त्यांच्या हाती मोजपट्टी कोणी दिली होती?