आधी फोटो, मग गुण

मागच्या शनिवारी नांदुऱ्याला आत्याकडे गेलो होतो. १०५ फुटी मारुतीला हात जोडून घरी पोचतो, तर आतेबहिणीला नकार आलेला. कारण? "मुलगी एमएस्सी आहे, वळण चांगलं आहे, पण मुलाला जरा उजळ हवी." आत्या म्हणाली, "जाऊ दे रे, ज्याची त्याची आवड."

नाही आत्या, नुसती आवड असती तर भांडलो नसतो. गोची अशी की रूप बघून आपल्याला वाटतं, गुणही बघितले. १९७४ मध्ये लँडी आणि सिगॉल यांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना निबंध तपासायला दिले. निबंध तोच, फक्त लेखिकेचा फोटो वेगळा. सुंदर चेहऱ्याला जास्त मार्क! निबंध टुकार असला तर फरक आणखी मोठा.

कांदेपोह्यांच्या बैठकीत वेगळं काय होतं? गोरी गप्प बसली तर शालीन, सावळी गप्प बसली तर घुमी. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं, शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला. डोक्यातल्या फिल्टरचं काय?

आणि आपण आयटीवाले फार शहाणे नाही बरं का! मीही इंटरव्ह्यू घेतो. 'कॉन्फिडंट वाटला' हे माझेच जुने शेरे आठवले आणि खरं सांगतो, लाज वाटली. आता आधी कोड वाचतो, चेहरा नंतर बघतो.

स्थळ बघतानाही हे जमेल की. आधी फोनवर बोला, फोटो मागाहून मागा. बघा पटतंय का.