घोडीवरून पडलेला गडी त्या दिवशी पुन्हा घोडीवर नको

आज पिकाचं नाही, डोक्याचं लिहितोय. यात्रांचा हंगाम तोंडावर आलाय म्हणून.

२०१४ ला सुप्रीम कोर्टाने बैलगाडा बंद केला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती कायम केली. आता बैल पळवायचा तर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. योग्यच आहे. पण माणसाचं काय? घोडीवरून पडलेला गडी उठतो, कपडे झटकतो, तोंडावर पाणी मारतो आणि पुढच्या बारीला परत घोडीवर. रक्त नाही ना आलं, मग काही नाही, असा आपला हिशोब.

हा हिशोबच चुकीचा आहे. नारायणगावला टोमॅटो नेणाऱ्याला सांगायला नको, क्रेट आपटलं तरी क्रेटला चीर जात नाही. मार आतल्या मालाला बसतो आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं. डोक्याचं तसंच. कवटी शाबूत, पण आत मेंदूला हादरा बसतो. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. त्यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही.

ऑगस्ट २०१९ ला लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला आर्चरचा बॉल मानेवर, कानाखाली लागला. तपासणी करून तो त्याच दिवशी परत खेळला. त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला आणि त्याच्या जागी लाबुशेन आला. एवढे डॉक्टर मैदानात असून हे झालं, मग आपल्या घाटात कोण ओळखणार?

ओळखायचं कसं? विचारायचं, आज वार कोणता, आपण कोणत्या घाटात आहोत, आत्ता कोणाची बारी झाली. उत्तराला वेळ लागतोय, तोच प्रश्न परत विचारतोय, तोल जातोय, डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी त्याला बाजूला घ्या. 'प्यायलाय' म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात पाठवताना पडताना बघितलेला माणूस सोबत द्या. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं, हादरा दिसत नाही. तो डॉक्टरला हकिगतीवरूनच कळतो.

लगेच १०८ ला फोन कधी करायचा:
१) परत परत उलटी
२) डोकेदुखी वाढतच जाणं
३) झटका येणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं
४) एक बाहुली मोठी दिसणं
५) नाका-कानातून पाणी किंवा रक्त
६) जागं करूनही जागं न होणं
मान दुखत असेल तर उचलाउचली करू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेला किंवा म्हातारा माणूस असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

डॉक्टरने घरी सोडलं तरी पहिले २४ तास एकटं ठेवायचं नाही. 'झोपू देऊ नका' म्हणतात, तसं काही नाही. झोपू द्यावं, पण अधूनमधून बघावं. एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू हलकी कामं. पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत पाडून ठेवायची गरज नाही. दारू बंद, मोटारसायकल बंद, डॉक्टर हो म्हणेपर्यंत ट्रॅक्टरवर बसायचं नाही. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं.

काहीजण म्हणतील, गडी काढला तर बारी जाईल, बक्षीस जाईल. म्हणूनच क्रिकेटवाल्यांनी २०१९ पासून अशा वेळी बदली खेळाडू घ्यायला परवानगी दिली. कोणी दुखणं लपवू नये हा त्यातला फायदा. थापलिंगापासून ओतूरपर्यंत जुन्नर-आंबेगावच्या यात्रा कमिट्यांनी एवढाच नियम करावा: डोक्याला मार लागलेला गडी त्या दिवशी बाहेर, आणि गाडामालकाला बदली घोडीवाला घ्यायची मुभा. निर्णय कमिटीचा, मालकाचा नाही आणि गड्याचाही नाही.

बारी पुढच्या यात्रेलाही होईल. तुमच्या गावच्या कमिटीत कोण असेल तर त्यांना हे वाचून दाखवा, आणि काय ठरलं ते खाली लिहा.