हृदयात गाठ निघाली? एमआरआयचा कागद घरी ठेवू नका

इकोच्या रिपोर्टवर हृदयात गाठ दिसते असं लिहून आलं आणि डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय सांगितला, की आपल्या वस्तीतली पुष्कळ माणसं तिथेच थांबतात. एक भीती खर्चाची, दुसरी कॅन्सरची.

गाठ म्हणजे कॅन्सरच असं नसतं. हृदयातच तयार होणाऱ्या गाठी मुळात फार कमी. मोठ्या माणसांत त्यातली जास्त आढळणारी मिक्सोमा ही कॅन्सरची नाही. ऑपरेशन करून ती काढता येते. तशीच ठेवली तर मात्र तिचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो आणि लकवा मारू शकतो.

कधी ती गाठ नसतेच. लहानपणी सांधे सुजून ताप आलेल्या काही जणांच्या हृदयाची झडप पुढे आकसते, कप्प्यात रक्त साचतं, गोठतं. अशी गुठळी इकोवर गाठीसारखी दिसू शकते. गुठळीला सहसा रक्त पातळ करणारं औषध, मिक्सोमाला ऑपरेशन. चुकीचा उपचार परवडणारा नाही. एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देतात. गाठीला रक्तपुरवठा असतो म्हणून ते तिच्यात शिरतं, गुठळीत सहसा शिरत नाही. गाठ भिंतीत किती रुतली आहे तेही कळतं. यात एक्स-रेचे किरण नसतात. मशीनचा आवाज मोठा असतो आणि सांगतील तेव्हा श्वास रोखायचा, एवढंच.

छातीत दुखलं की एमआरआय काढा, असं मी म्हणणार नाही. आधी इकोच. पण इकोनंतर शंका उरली, तर पैशापायी ही तपासणी राहणं मला मान्य नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनचं पॅकेज आहे म्हणतात. पण निदानच झालं नाही तर पॅकेज कशाचं घेणार? घाटीत किंवा योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटा, तपासणी सवलतीत कशी होईल ते विचारा. एकट्या बाईला टोलवतात, चौघी जा.

तपासणीआधी पेसमेकर, हाडात बसवलेली पट्टी, किडनीचा आजार, गरोदरपण लपवू नका. मंगळसूत्र, जोडवी, पिना, मोबाइल बाहेर ठेवा. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक मशीनकडे ओढला जाऊन मरण पावला. सिलिंडर उचलणं हे नातेवाइकाचं काम नाही. कुणी सांगितलं तरी उचलू नका.