गोळी आणि पेन्सिल

रोज एस.टी.ने जा-ये करणारे आमचे एक गुरुजी परवा दवाखान्यात वही घेऊन आले. खिडकीला डोके टेकून झोपलेली बाई, कंडक्टरचे तिकिटाचे यंत्र, रविवारच्या बाजारातला भाजीचा ढीग. सारे पेन्सिलीने काढलेले. चित्रे बेताचीच. मी कौतुक करतो तोच म्हणाले, "डॉक्टर, यानं इतकं बरं वाटतं, महिनाभर गोळीच घेतली नाही." रक्तदाब भरला १७०/१००.

वहीत गुण आहे, हे खरे. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ मध्ये ३९ जणांना ४५ मिनिटे कलाकाम करायला दिले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, कमी झाले. आणि त्यासाठी कलेचा सराव असावा लागला नाही. तेव्हा चित्रे जरूर काढा. (हलत्या गाडीत मळमळत असेल तर थांब्यावर काढा.) पण ताण हलका झाला म्हणजे रक्तदाब गेला, असे नव्हे. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. 'बरं वाटतं' या शब्दावर गोळी सोडणे मला मुळीच मान्य नाही.

गुरुजींची गोळी पुन्हा सुरू केली आहे. पंधरा दिवसांनी बोलावले आहे, वहीसकट. तोवर आमच्या बाहेरच्या बाकाचे चित्र मागितले आहे.